शेंडीचा फोटो रतनवाडीला कुठून जातो? इंटरनेट एक्स्चेंजची गोष्ट

भंडारदऱ्याच्या जलाशयाच्या एका टोकाला शेंडी, दुसऱ्या टोकाला रतनगडाच्या पायथ्याची रतनवाडी. समजा तुम्ही शेंडीत धरणाच्या भिंतीपाशी उभे आहात आणि तुमचा मित्र होडीने पलीकडे अमृतेश्वराच्या देवळाशी पोचलाय. तुमच्या फोनमध्ये एका कंपनीचं सिम, त्याच्या फोनमध्ये दुसऱ्या कंपनीचं. तुम्ही त्याला एक फोटो पाठवता. (व्हॉट्सअ‍ॅप वापरलं तर मध्ये तिसऱ्या कंपनीचा सर्व्हर येतो. ती गुंतागुंत सध्या बाजूला ठेवू आणि फोटो थेट गेला असं धरू.) मधे फक्त पाणी आहे. पण फोटो पाण्यावरून जात नाही. तो आधी सह्याद्री उतरून मुंबईला जातो, तिथे एका कंपनीच्या जाळ्यातून दुसऱ्या कंपनीच्या जाळ्यात शिरतो आणि पुन्हा घाट चढून परत येतो.

आता पावसाचं बघा. घाटघरच्या कड्याच्या पश्चिमेला पडलेला थेंब कोकणात उतरतो आणि अरबी समुद्राला मिळतो. त्याच कड्याच्या पूर्वेला पडलेला थेंब प्रवरेत येतो, प्रवरासंगमला गोदावरीत मिसळतो आणि अख्खा देश ओलांडून बंगालच्या उपसागरात जातो. पाणी कुठे जाणार हे उतार ठरवतो. डेटाला उतार नसतो. तो कुठे जाणार हे करार ठरवतात: कोणत्या कंपनीने कोणाशी, कुठे आणि किती पैशांत हातमिळवणी केली आहे. माझ्या संशोधनाचा विषय हाच. या लेखात त्यातला एकच धागा घेतोय, इंटरनेट एक्स्चेंज. त्यांच्याबद्दल ‘नवीन केंद्र सुरू’, ‘पोर्टची क्षमता वाढवली’, ‘अमुक कंपनी जोडली गेली’ अशा बातम्या अधूनमधून येतात आणि आपण त्या न वाचता पुढे जातो. त्या वाचायच्या कशा, हे त्यांचा इतिहास कळला की बरंच सोपं होतं.

आधी एक्स्चेंज म्हणजे काय ते बघू. इंटरनेट हे एक जाळं नाही, हजारो स्वतंत्र जाळ्यांची जोडणी आहे. दोन जाळी दोन प्रकारे जोडली जातात. एक प्रकार म्हणजे ट्रान्झिट. छोटी कंपनी मोठ्या कंपनीला पैसे देते आणि म्हणते, ‘माझा माल जगात कुठेही पोचव.’ दुसरा पीअरिंग. दोन कंपन्या ठरवतात की तुझ्या गिऱ्हाइकांसाठीचं मी तुला थेट देतो, माझ्यासाठीचं तू मला दे, मधे तिसरा नको. आता दहा कंपन्यांना एकमेकींशी असं थेट जोडायचं तर 45 वेगवेगळ्या तारा लागतील. त्यापेक्षा सगळ्यांनी एका जागी एकेक तार आणली तर दहात काम होतं. ती जागा म्हणजे एक्स्चेंज. राजूरच्या बाजारासारखंच हे. प्रत्येक गावाने प्रत्येक गावाला माल न्यायचा नाही, सगळ्यांनी राजूरला यायचं. प्रत्यक्षात बघायला गेलात तर तिथे एसी खोलीत लोखंडी कपाटं, त्यात स्विच आणि पिवळ्या केबलींचे गुंडाळे दिसतील. बघण्यासारखं खरंच काही नसतं. इतिहास असतो तो तिथे कोण आलं आणि कोण आलं नाही यात.

भारतात एक्स्चेंज नव्हतं तेव्हा काय होत होतं?

आपल्याकडच्या संशोधन संस्थांचं जाळं, अर्नेट, 1986 साली सुरू झालं. मुंबईत जुहूला राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, म्हणजे एनसीएसटी होतं. तिथून 1989 मध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनियापर्यंत सेकंदाला 9.6 किलोबिटची एक लाइन होती. आज तुमचा एक साधा फोटो तेवढ्या लाइनीवरून जायला अर्धा-पाऊण तास घेईल. सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आलं 15 ऑगस्ट 1995 ला, विदेश संचार निगमच्या मार्फत. तोपर्यंत एकच विक्रेता होता, त्यामुळे ‘दोन कंपन्यांनी भेटायचं कुठे’ हा प्रश्नच नव्हता. तो आला 1998 च्या अखेरीस, खासगी कंपन्यांना परवाने मिळाले तेव्हा. प्रत्येक कंपनीने परदेशाशी आपापली जोडणी घेतली, काहींनी समुद्री केबलवर, काहींनी उपग्रहावरून. पण आपसात जोडणी करायची कोणाला फारशी घाई नव्हती.

मग नाशिकच्या माणसाने एका कंपनीच्या कनेक्शनवरून संगमनेरच्या माणसाला दुसऱ्या कंपनीच्या कनेक्शनवर इमेल पाठवली की ती बरेचदा अमेरिकेला किंवा सिंगापूरला जाऊन परत यायची. इंजिनिअर लोक याला ‘ट्रॉम्बोनिंग’ म्हणतात. ट्रॉम्बोन या वाद्याची नळी लांब पुढे जाते आणि वळून मागे येते, त्यावरून. आपल्याकडे त्याहून चांगलं उदाहरण घाटघरला आहे. तिथल्या 250 मेगावॅटच्या प्रकल्पात वरच्या तलावाचं पाणी बोगद्यातून खाली शहापूर तालुक्यातल्या चोंढ्याच्या तलावात सोडतात आणि नंतर तेच पाणी पंपाने पुन्हा वर चढवतात. फरक इतकाच की विजेची मागणी वाढलेली असते तेव्हा पाणी खाली येताना वीज देऊन जातं. अमेरिकेला जाऊन आलेल्या इमेलने आपल्याला काहीच दिलं नाही, उलट डॉलर नेले.

वेळेचा हिशोब करून बघा. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण 2 लाख किलोमीटर जातो. मुंबई ते अमेरिकेचा पूर्व किनारा सरळ रेषेत 12,500 किलोमीटर धरा. जाऊन-येऊन 25,000. पोच मिळायला पुन्हा तेवढंच. म्हणजे तारांची वळणं आणि मधल्या यंत्रांचा वेळ न धरताही पाव सेकंद गेला. हेच भंडारदऱ्याहून सुमारे 180 किलोमीटरवरच्या मुंबईत वळलं तर सेकंदाच्या हजारातले चारेक भाग. एका इमेलला पाव सेकंदाने काही होत नाही. पण एक वेब पान उघडताना अशी दहा-वीस बोलणी होतात आणि मग ‘नेट स्लो आहे’ असं आपण म्हणतो.

पैशाचा भाग मात्र जास्त बोचरा होता. आंतरराष्ट्रीय टेलिफोनमध्ये जुनी पद्धत अशी की लाइनीचा अर्धा खर्च या देशाचा, अर्धा त्या. इंटरनेटमध्ये तसं राहिलं नाही. अमेरिकेपर्यंतच्या लाइनीचा पूर्ण खर्च बाहेरच्या देशातल्या कंपनीनेच करायचा, मग त्या लाइनीवरून माहिती कोणत्याही दिशेने जावो. यावर आशिया-आफ्रिकेतल्या देशांनी बरीच तक्रार केली. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेने 2000 साली खर्चवाटपाबद्दल एक शिफारसही मंजूर केली, पण अमेरिकेने तिला विरोध केला आणि शिफारस कागदावरच राहिली म्हणायला हरकत नाही. म्हणजे नाशिक-संगमनेरच्या त्या इमेलसाठी दोन भारतीय कंपन्या परदेशातल्या तिसऱ्या कंपनीला पैसे देत होत्या.

बाहेर तोवर काय चाललं होतं? लंडनचं लिंक्स 1994 चं. फ्रँकफुर्टचं डे-सिक्स 1995 चं, तीन कंपन्यांनी एका जुन्या पोस्ट ऑफिसच्या मागच्या खोलीत सुरू केलेलं. ते आज जगातल्या सर्वांत मोठ्यांपैकी एक आहे. केनियाची हकीकत मला जास्त शिकवणारी वाटते. तिथल्या कंपन्यांनी नोव्हेंबर 2000 मध्ये नैरोबीत एक्स्चेंज सुरू केलं. तिथल्या सरकारी दूरसंचार कंपनीने मक्तेदारीचा भंग झाला म्हणून तक्रार केली आणि नियामकाने दोन आठवड्यांतच ते बंद पाडलं. पुन्हा सुरू व्हायला फेब्रुवारी 2002 उजाडलं. एका खोलीतल्या एका स्विचची एवढी भीती का? कारण त्या स्विचवर देशातली रहदारी देशातच वळली की परदेशी लाइन विकणाऱ्याचं गिऱ्हाईक कमी होतं.

भारतात नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया, म्हणजे निक्सी, 19 जून 2003 ला स्थापन झाली. नफा न कमावणारी कंपनी, सरकारच्या पुढाकाराने पण इंटरनेट कंपन्यांना सोबत घेऊन. नोएडा, मुंबई, चेन्नई आणि कोलकाता अशी पहिली चार केंद्रं. नाव ‘नॅशनल’ असलं तरी ही केंद्रं एकमेकांना जोडलेली नव्हती. मुंबईच्या केंद्रावर मुंबईत आलेल्यांचीच देवाणघेवाण.

इथे जरा थांबू, कारण निक्सीचा खरा पेच तंत्रज्ञानात नव्हता, एका नियमात होता. लंडन-फ्रँकफुर्टला रीत साधी होती: प्रत्येकाने आपल्या पोर्टचं भाडं भरायचं, आपसात मालाचे पैसे नाहीत. निक्सीने वेगळं ठरवलं. ज्याने माहिती मागवली त्याने पैसे द्यायचे. महिन्याअखेर बघायचं की तुमच्याकडे किती आलं आणि तुमच्याकडून किती गेलं. आलेलं जास्त असेल तर फरकाचे पैसे तुम्ही भरायचे, गेलेलं जास्त असेल तर तुम्हाला मिळणार. या व्यवहारात त्याला ‘एक्स वजा वाय’ म्हणायचे.

वरवर बघता न्याय्य वाटतं. पण कोणाकडे येणारं जास्त असतं? ज्याचे गिऱ्हाईक घरगुती आहेत त्याच्याकडे. गावातला माणूस व्हिडिओ बघतो, निकाल बघतो, सातबारा उतरवून घेतो. पाठवतो त्या मानाने फार कमी. म्हणजे गावोगावी कनेक्शन देणारी छोटी कंपनी कायम देणेकरी आणि ज्याच्याकडे सर्व्हर आहेत तो घेणेकरी. छोट्या कंपनीने हिशोब केला तर कधी कधी एक्स्चेंजवर जाण्यापेक्षा मोठ्या कंपनीकडून सरळ ट्रान्झिट घेतलेलं सोपं. दुसरीकडे, सुरुवातीला निक्सीवर येण्याची मुभा परवानाधारक इंटरनेट कंपन्यांनाच होती. ज्यांच्याकडे लोकांना हवा असलेला मजकूर होता त्या कंपन्या दाराबाहेर. बाजार भरवला, पण भाजीवाल्यांना आत येऊ दिलं नाही, असा प्रकार. 2007 साली ट्रायला निक्सीची परिणामकारकता कशी वाढवायची यावर वेगळ्या शिफारशी कराव्या लागल्या, यातच काय ते आलं.

मग असा नियम केला कशाला? माझं उत्तर असं की मोठ्या कंपन्यांना त्याशिवाय आणताच आलं नसतं. जी कंपनी छोट्यांना ट्रान्झिट विकून पैसे मिळवते, ती एक्स्चेंजवर येऊन तीच गोष्ट फुकट का देईल? फरकाचे पैसे हे तिला आणण्यासाठी दिलेलं आमंत्रण होतं. ते आमंत्रण कोणाच्या खिशातून गेलं हे वर आलंच.

पण निक्सीला फक्त नावं ठेवणं बरोबर नाही. 2005 साली तिच्या केंद्रांवर मूळ नाव-सर्व्हरच्या प्रती बसल्या: मुंबईत ‘आय’, नोएडाला ‘के’, चेन्नईला ‘एफ’. तुम्ही एखाद्या साइटचं नाव टाइप करता तेव्हा त्या नावामागचा आकडा शोधावा लागतो आणि त्या शोधाची पहिली पायरी म्हणजे हे सर्व्हर. तोवर त्या पायरीसाठीसुद्धा परदेशी जावं लागे. त्याच वर्षी ‘.इन’ नावांची नोंदणीही निक्सीकडे आली आणि 2014 मध्ये देवनागरीतलं ‘.भारत’. (मराठीत पत्ता असलेली साइट तुम्ही शेवटची कधी उघडलीत? मीही फार उघडत नाही.) याचं मोल कळलं 30 जानेवारी 2008 ला. इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळ दोन समुद्री केबल तुटल्या आणि भारताची परदेशी क्षमता जवळपास अर्ध्यावर आली. अशा दिवशी देशातल्या देशातलं जे काही एक्स्चेंजवर वळत असतं, ते चालू राहतं.

पुढच्या दशकात चित्र बदललं. फ्रँकफुर्टची डे-सिक्स मुंबईत आली. तिच्या केंद्रावर ‘मागवणाऱ्याने भरायचं’ हा नियम नव्हता आणि मजकूरवाल्या कंपन्यांना दार उघडं होतं. एका इमारतीत बसण्याऐवजी तिने शहरातल्या अनेक डेटा सेंटरमध्ये आपली जोडणी पसरवली. जोडलेल्या जाळ्यांच्या संख्येवरून आशिया-पॅसिफिकमधलं सर्वांत मोठं एक्स्चेंज असा आता ती आपल्या मुंबई केंद्राचा दावा करते. एखाद्या जागी सगळे येतात म्हणून आणखी लोक येतात, बाजाराचं हे गणित मुंबईत पूर्ण लागू पडलं. 2016 च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि रहदारी कुठल्या कुठे गेली. मोठ्या व्हिडिओ कंपन्यांनी तर आपल्या साठ्याच्या पेट्याच इंटरनेट कंपन्यांच्या जाळ्यात नेऊन ठेवल्या, म्हणजे गाजलेला सिनेमा एक्स्चेंजपर्यंतही जात नाही, वाटेतच मिळतो.

पण हे सगळं मुंबईतच का? समुद्री केबल तिथे येतात हे सोपं उत्तर. 1870 मध्ये मुंबई-एडन-सुएझ अशी तारायंत्राची केबल पडली तेव्हापासून तेच चालू आहे. पण हे उत्तर पुरत नाही आणि त्याचा पुरावा भंडारदऱ्यापासून फार लांब नाही. हरिश्चंद्रगडाच्या पलीकडे, जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ आर्वीला 1971 मध्ये उपग्रह भूकेंद्र सुरू झालं. विक्रम हे त्याचं नाव. देशाची परदेशांशी बोलणी त्या अवाढव्य डिशमधून होऊ लागली. डिश घाटावर, शेतांच्या मधे. पण तिथून जोडणी मुंबईच्या गेटवे एक्स्चेंजला, कारण फोन जोडून देणारी यंत्रणा, कार्यालय आणि हिशोब मुंबईत. नारायणगावच्या माणसाला परदेशी फोन लावायचा तर त्याचा आवाज आधी मुंबईला जायचा आणि मग त्याच्याच गावाशेजारच्या डिशमधून आभाळात. यंत्र कुठे आहे याने फरक पडत नाही. जोडणी कुठे होते याने पडतो.

अकोले तालुक्याला हे नव्याने सांगायला नको. विल्सन धरणाचं काम 1910 ला सुरू झालं आणि 1926 ला संपलं. त्यातलं 11,039 दशलक्ष घनफूट पाणी खाली ओझरच्या बंधाऱ्यावर अडवून कालव्यांत वळवायचं, अशी मूळ आखणी. पाणी साठतं वर, वाटप होतं ओझरला. उसाचे मळे आणि साखर कारखाने उभे राहिले ते खालच्या अंगाला. ‘धरण उशाला, कोरड घशाला’ ही म्हण आपल्याकडे उगीच नाही आली. खालच्या निळवंडे धरणाच्या डाव्या कालव्यात पाण्याची चाचणी व्हायला 31 मे 2023 उजाडलं आणि कालवा कुठून किती उंचीवरून न्यायचा यावर त्याआधी वर्षानुवर्षं भांडणं झाली. फायबरचंही असंच. केबल गावावरून जाते म्हणून गावाला नेट मिळत नाही. तिथे ती उघडून, यंत्र बसवून, वीज देऊन, कोणीतरी सांभाळावी लागते. भारतनेटची फायबर ग्रामपंचायतीपर्यंत आणायची योजना 2011 ची. ती पंचायतीच्या कपाटापासून पुढे वाडीपर्यंत जाणं हे वेगळंच काम आहे, आणि ते कोणतंही एक्स्चेंज करत नाही.

म्हणून एक्स्चेंजच्या बातम्यांकडून काय अपेक्षा ठेवायची हे नीट समजून घ्या. अलीकडे निक्सीने मोठी शहरं सोडून दुर्गापूर, प्रयागराज, गोरखपूर अशा ठिकाणी केंद्रं उघडली. बातमीत फीत कापल्याचा फोटो असतो. पण स्विच बसवणं हा त्यातला सर्वांत स्वस्त भाग. त्या केंद्रावर एकच कंपनी आली तर देवाणघेवाण कोणाशी करणार? दोन छोट्या आल्या आणि मजकूरवाली एकही नाही, तर वळणार काय? मोठ्या मोबाइल कंपन्या लहान गावच्या केंद्रावर यायला सहसा नाखूष असतात. त्यांचं जाळं आधीच मुंबई-चेन्नईपर्यंत आहे, त्यांना तिथेच भेटणं स्वस्त पडतं. ‘पोर्ट 100 गिगाबिटवरून 400 वर’ ही बातमी आली तर ती मोठ्या व्हिडिओ आणि क्लाउड कंपन्यांसाठी मोठी, छोट्या कंपनीला तिच्याशी फार देणंघेणं नाही. ‘पहिलं वर्ष पोर्ट मोफत’ ही मात्र छोट्या कंपनीसाठी कामाची बातमी. ‘दुसऱ्या शहरात बसून मुंबईच्या एक्स्चेंजवर या’ अशी सेवाही आता मिळते. त्यात छोट्या कंपनीचा मुंबईत जागा घेण्याचा खर्च वाचतो, पण फोटो जातो मुंबईलाच.

मग नाशिकला किंवा नगरला एक्स्चेंज हवं का? मला वाटतं हवं, पण फोटो चार मिलिसेकंदांऐवजी दोनमध्ये पोचावा म्हणून नाही. तो फरक कोणालाच जाणवणार नाही. हवं ते यासाठी की मुंबईची वाट घाटात कुठे तुटली, दरड कोसळली किंवा रस्त्याच्या कामात जेसीबीने केबल उपटली, तर जिल्ह्यातल्या दवाखान्याचं, बँकेचं, तहसीलचं आपसातलं काम अडू नये. आणि यासाठी की गावोगावच्या केबलवाल्यांना, ज्यांच्यामुळे वाडीवर कनेक्शन पोचतं, मुंबईपर्यंतच्या वाहतुकीचं बिल थोडं कमी यावं.

एक्स्चेंजवाले आपल्या साइटवर प्रत्येक केंद्राला जोडलेल्या कंपन्यांची यादी आणि रहदारीचे आलेख टाकतात. पुढची ‘नवीन केंद्र सुरू’ अशी बातमी वाचलीत की उद्घाटनानंतर सहा महिन्यांनी ती यादी उघडा. नावं किती ते मोजा, त्यात घरगुती कनेक्शन देणारे किती आणि मजकूरवाले किती ते बघा, आणि मग आलेखावर नजर टाका. रेघ तळाला चिकटून असेल तर तिथे अजून बाजार भरलेला नाही.